लॅबमधून हेल्थ इन्फॉर्मेटिक्सकडे: कोडिंगची सुरुवात कुठून करावी?

बुचवाली

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसती वाचनमात्र आहे, हा पहिलाच धागा. सांभाळून घ्या.

मी बीएस्सी, मग डीएमएलटी (लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा). सोलापूरकडच्या एका मध्यम आकाराच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये बायोकेमिस्ट्री बघते. सॅम्पल लावणं, क्यूसी (मशीन बरोबर आकडे देतंय ना याची तपासणी), रिपोर्ट सोडणं हे रोजचं. मध्यंतरी लॅबचं सॉफ्टवेअर बदललं तेव्हा टेस्टची मास्टर लिस्ट लावायला कंपनीच्या माणसासोबत मला बसवलं, आणि खरं सांगायचं तर रोजच्या कामापेक्षा त्यातच जीव रमला. एकच टेस्ट तीन नावांनी का आहे, युनिट का जुळत नाही, जुना पेशंट नवा म्हणून का येतो, असलं सगळं. नंतर कळलं की याला हेल्थ इन्फॉर्मेटिक्स म्हणतात आणि लोक यावर पोट भरतात.

मग पायथनचा ऑनलाइन कोर्स लावला. लिस्ट, लूप, फंक्शन इथवर बरं चाललं. पुढे फिबोनाची, मूळ संख्या, बँक खात्याचा क्लास... कंटाळा आला. तो अर्धवट टाकून मशीन लर्निंगचा घेतला. त्यांनी सुरुवातीलाच मधुमेह ओळखणारं मॉडेल बनवून घेतलं. चाललं, अचूकताही बरी आली. पण काय समजलं असं कुणी विचारलं तर सांगता यायचं नाही.

तर प्रश्न असे: पायथन, आर, एसक्यूएल, जावा यातलं आधी काय? इंजिनिअरिंग न केलेल्या माणसाला किती यायला हवं? आणि सरावाला डेटा कुठून आणायचा? आमच्या लॅबचा आहेच, नावं काढून घरी तोच वापरावा म्हणतेय.

कीबोर्डे

पायथन. बाकी सगळं मागून येतं. कोर्स पूर्ण करा, कंटाळा सगळ्यांनाच येतो.

पाषाणकर

आधी शेवटच्या वाक्याबद्दल. लॅबचा डेटा घरी नेऊ नका, नावं काढून सुद्धा नाही. कुणी सविस्तर लिहिलं तर ठीक, नाहीतर मी लिहितो.

आता भाषेबद्दल. कीबोर्डे यांच्याशी असहमत. तुमच्यासाठी एसक्यूएल आधी. हॉस्पिटलचा डेटा टेबलांमध्ये राहतो. पेशंटचं एक टेबल, भेटींचं एक, निदानांचं एक, लॅबच्या निकालांचं एक. तो बाहेर काढायची भाषा एसक्यूएल आहे आणि या क्षेत्रातलं निम्मं आयुष्य तो नीट बाहेर काढण्यातच जातं. पायथनमध्ये पुढे जे कराल ते बाहेर काढलेल्या माल-मसाल्यावर.

शिवाय एसक्यूएल शिकताना डेटाची रचना आपोआप डोक्यात बसते. एक उदाहरण देतो, आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक नव्या मुला-मुलीला मी हेच देतो. एका पेशंटची दोन निदानं आहेत, टाइप २ मधुमेह (आयसीडी-१० या आजारांच्या आंतरराष्ट्रीय क्रमांकयादीत ई११) आणि उच्च रक्तदाब (आय१०). तिचेच साखरेचे तीन रिपोर्ट आहेत. निदानांचं टेबल आणि रिपोर्टचं टेबल पेशंट क्रमांकावर जॉइन केलं, म्हणजे तो क्रमांक जुळणाऱ्या ओळी एकमेकींना जोडल्या, तर किती ओळी येतील? बहुतेक जण पाच म्हणतात. येतात सहा, कारण प्रत्येक निदानाला प्रत्येक रिपोर्ट चिकटतो.

यात बिघडलं काय? या एका बाईची सरासरी साखर काढली तर उत्तर बरोबरच येतं, कारण प्रत्येक रिपोर्ट दोनदाच मोजला गेला. पण अख्ख्या वॉर्डची सरासरी काढा. ज्याला एकच निदान, त्याचे रिपोर्ट एकदा मोजले जातात. ज्याला सहा निदानं, त्याचे सहादा. जास्त आजारी माणसाचं वजन आपोआप वाढतं आणि वॉर्डची साखर आहे त्यापेक्षा चढी दिसते. संगणक कुठलीही एरर देत नाही. आकडा दोन दशांश स्थळांसकट ऐटीत समोर येतो आणि मीटिंगमध्ये स्लाइडवर जातो.

सिलेक्ट, व्हेअर, ग्रुप बाय, जॉइन आणि मग विंडो फंक्शन (ओळी क्रमाने लावून त्यांवर हिशेब करणारी), एवढं पक्कं करा. जावा सध्या विसरा.

डॉ_निवांत

मी एमडी मेडिसिन, स्वतःची प्रॅक्टिस. थोडा वेगळा सूर लावतो. हे सगळं आता शिकायचं कशाला? मी परवाच माझ्या ओपीडीच्या एक्सेलवरून एआयकडून कोड लिहून घेतला. मराठीतून सांगितलं, त्याने पायथन लिहिलं, आलेख आला. जॉइन, ग्रुप बाय काही माहीत नाही मला. डॉक्टरने डॉक्टरकी करावी, टेक्निशियनने लॅब बघावी. प्रोग्रामिंग यंत्र करतंय की.

कीबोर्डे

डॉक्टरांशी सहमत व्हायची वेळ आली म्हणायची! माझ्या ऑफिसातही अर्धा कोड आता असाच लिहिला जातो.

रानजाई

धागा छान आहे, वाचनखूण साठवली.

बुचवाली, तुम्ही मधुमेहाचं मॉडेल केलंत ते ७६८ ओळींच्या डेटावर का? ॲरिझोनातल्या पिमा जमातीच्या बायकांचा? असेल तर मॉडेल बाजूला ठेवा. फाइल एक्सेलमध्येच उघडा आणि प्रत्येक कॉलमचा किमान आकडा बघा. काय दिसतं ते इथे लिहा. मी आत्ता सांगत नाही.

बुचवाली

अगं बाई!

हो, तोच डेटा. उघडला. रक्तदाबाच्या कॉलममध्ये किमान शून्य. ३५ बायकांचा रक्तदाब शून्य! बीएमआय ११ जणींचा शून्य, ग्लुकोज पाच जणींचं शून्य. त्वचेच्या जाडीत २२७ शून्यं आणि इन्सुलिनमध्ये ३७४, म्हणजे जवळजवळ निम्म्या ओळी. ग्लुकोज शून्य असलेली बाई तपासणीला चालत आली कशी? हे मोजलंच नसणार, रिकाम्या जागी शून्य घातलंय.

गरोदरपणाच्या कॉलममध्येही शून्यं आहेत, पण ती खरी असू शकतात. म्हणजे एका कॉलममधलं शून्य खरं, दुसऱ्यातलं खोटं. कोर्समध्ये याबद्दल एक अक्षर नव्हतं. सरळ सगळं मॉडेलमध्ये ओतलं आम्ही.

आणि डोक्यात आलं की आमच्या लॅबमध्ये असं रोज चालतं. पोटॅशियम ८ आलं आणि सॅम्पल लालसर दिसलं की आम्ही ते सोडत नाही. पेशी फुटून आतलं पोटॅशियम बाहेर आलेलं असतं, पुन्हा रक्त मागवतो. त्याहून गमतीचा प्रकार म्हणजे पोटॅशियम आभाळाला आणि कॅल्शियम अगदी तळाला. सीरम दिसायला स्वच्छ. नव्या माणसाची धांदल उडते, पण जुन्या टेक्निशियनला लगेच कळतं की रक्त आधी जांभळ्या बुचाच्या ट्यूबमध्ये घेतलं आणि मग कमी पडलं म्हणून त्यातलंच लाल बुचाच्या ट्यूबमध्ये ओतलं. जांभळ्या ट्यूबमध्ये ईडीटीएचं पोटॅशियम मीठ असतं, ते कॅल्शियम धरून ठेवतं. पेशंटला काहीही झालेलं नसतं.

हा निकाल चुकून सिस्टममध्ये राहिला आणि कुणी त्यावर मॉडेल केलं, तर त्याला कोण सांगणार?

रानजाई

तुम्हीच सांगणार. म्हणून म्हटलं, बघा.

पाषाणकर

बुचवालीताई, या प्रतिसादाला दंडवत. आता हेच एसक्यूएलमध्ये लिहा: असे पेशंट शोधा ज्यांच्या एकाच सॅम्पल क्रमांकावर पोटॅशियम ७ च्या वर आणि कॅल्शियम ६ च्या खाली आहे. तुमचा पहिला कामाचा जॉइन हा. बँक खात्याच्या क्लासपेक्षा बरा नाही का? (अट आणि आकडे सरावापुरते, डॉक्टर मंडळींनी मारायला धावू नये.)

डॉ_निवांत

धावत नाही. मुद्दा पोचला. पण मी तीच फाइल एआयला दिली आणि 'यात काही गडबड आहे का' एवढंच विचारलं, तर शून्यांचं त्यानेही सांगितलं. हा डेटा जगप्रसिद्ध आहे, तेव्हा सांगणारच म्हणा. जांभळ्या ट्यूबचं विचारलं, तेही आलं त्याला.

पाषाणकर

डॉक्टर, विचारलंत म्हणून आलं. 'वॉर्डची सरासरी साखर काढून दे' असं सांगितलं तर तो सहा ओळींचा जॉइन करून मोकळा होणार नाही याची खात्री कोण देणार? मीही रोज एआय वापरतो, नाकारत नाही. पण त्याने दिलेली क्वेरी वाचता यायला हवी, आणि आधी ओळी मोजून, मग जॉइननंतर पुन्हा मोजून ताळा करायची सवय हवी. तेवढं यायला एसक्यूएल शिकावंच लागतं. मी म्हणतो ते तेवढंच.

डॉ_निवांत

तेवढ्यापुरतं मान्य. बाकी मतावर ठाम.

हूजियरकाका

इंडियानापोलिसहून लिहितोय. इथल्या हॉस्पिटलांच्या इंटरफेसमध्ये, म्हणजे दोन सिस्टम एकमेकींना जोडण्यात, केस पांढरे झाले. भाषेच्या वादात एक गोष्ट राहून गेली, म्हणून ही भर.

हेल्थ इन्फॉर्मेटिक्समध्ये भाषेइतकेच, किंबहुना जास्त, स्टँडर्ड यावे लागतात. लॅबवाल्यांसाठी पहिलं म्हणजे लॉइंक. ते आमच्याच गावातलं, रीजनस्ट्रीफ इन्स्टिट्यूटने १९९४ साली सुरू केलं. प्रत्येक तपासणीला एक क्रमांक. सीरम किंवा प्लाझ्मातलं ग्लुकोज, वस्तुमान प्रति आकारमान: २३४५-७. तेच उपाशीपोटी: १५५८-६. शेवटचा आकडा हा तपासणी अंक, म्हणजे टाइप करताना चूक झाली तर पकडता येते. तुमच्या मास्टर लिस्टमध्ये 'बीएसएल-एफ', 'फास्टिंग शुगर', 'एफबीएस' अशी तीन नावं असतील तर तिन्हींपुढे १५५८-६ लिहिणं हेच ते काम. रजिस्टर करून फुकट मिळतं. आपल्या लॅबच्या सर्वात जास्त होणाऱ्या तपासण्या घेऊन बसा. तपासणी अंक काढणारं छोटं पायथन फंक्शन लिहा, फिबोनाचीऐवजी.

दुसरं, निकाल एका सिस्टममधून दुसरीत कसा जातो ते. जुनी पद्धत म्हणजे एचएल-सेव्हन नावाच्या स्टँडर्डची दुसरी आवृत्ती. उभ्या रेघांनी तोडलेला मजकूर, बघून डोळे फिरतात, पण अजूनही जगभर तीच चालते. निकालाच्या ओळीला ओबीएक्स म्हणतात. त्यात पाचव्या खान्यात निकाल, सहाव्यात युनिट, सातव्यात नॉर्मल रेंज आणि अकराव्यात दर्जा: पी म्हणजे प्राथमिक, एफ म्हणजे अंतिम, सी म्हणजे दुरुस्त केलेला. नवशिके पाचवा खाना उचलतात आणि अकराव्याकडे ढुंकून बघत नाहीत. मग चुकीचा निकाल आणि त्याची दुरुस्ती दोन्ही मोजले जातात. बुचवालीताईंना सुधारित रिपोर्ट म्हणजे काय हे सांगायला नको.

नवी पद्धत फायर (एफएचआयआर). जेसन नावाच्या मजकूर-रचनेत असते, पायथनने सहज वाचता येते. भारतातल्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनमध्ये (सप्टेंबर २०२१ पासून देशभर) हेच वापरतात, फायरची चौथी आवृत्ती. १४ अंकी आभा क्रमांक असतो ना, त्याला जोडून जाणारा रिपोर्ट या रूपात जातो.

अवांतर: इथल्या मोठ्या रुग्णालयांच्या अनेक सिस्टमच्या पोटात अजून मम्प्स नावाची भाषा आहे. १९६६ च्या सुमारास बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये जन्मली. एपिक या इथल्या हॉस्पिटल-सॉफ्टवेअरचा पाया तीच, माजी सैनिकांच्या रुग्णालयांतल्या व्हिस्टाचाही तीच. आज्ञा एका अक्षरात लिहायची सोय, त्यामुळे जुना कोड वाचताना मांजर कीबोर्डवरून गेल्यासारखं वाटतं. शिकू नका. फक्त कुणी 'आमचं सॉफ्टवेअर अत्याधुनिक' म्हणालं की गालात हसा.

पाषाणकर

काका, +१. भारतातल्यांसाठी जोड: निदानं आणि लक्षणांसाठी स्नोमेड सीटी नावाचं स्टँडर्ड असतं. भारत २०१४ पासून त्याचा सदस्य आहे, त्यामुळे देशात वापरायला पैसे पडत नाहीत. त्याचं राष्ट्रीय केंद्र पुण्यात सी-डॅकमध्ये आहे. आयुष्मान मिशनसाठी फायरचे भारतीय साचेही तेच काढतात. साइटवर नमुना फाइल्स आहेत, लॅब रिपोर्टची सुद्धा. उतरवून घ्या आणि पायथनने त्यातून फक्त तपासणीचं नाव, आकडा, युनिट बाहेर काढा. एक संध्याकाळ पुरेल.

सातपुडा

मी नंदुरबारकडे सार्वजनिक आरोग्यात आहे. इथे सगळे हॉस्पिटलचं बोलताहेत, आमचं दुखणं वेगळं.

आमच्याकडे सर्वात अवघड काम म्हणजे दोन याद्यांतला माणूस एकच आहे का हे ठरवणं. गरोदर मातांची नोंद एकीकडे, बाळाचं लसीकरण दुसरीकडे, क्षयाची यादी तिसरीकडे. पुस्तकात लिहिलंय की नाव आणि जन्मतारीख जुळवा. बरं. महाराष्ट्रातल्या कुठल्याही जुन्या यादीत जन्मतारखा मोजून बघा, १ जूनला डोंगर उभा दिसेल. शाळेत नाव घालताना तारीख माहीत नसली की गुरुजी १ जून टाकायचे, तीच आधारवर गेली आणि तीच आता आमच्याकडे आली. एका पाड्यातल्या तीन 'सुनीता', तिघी १ जूनच्या, आडनाव तिघींचं वसावे. त्यातही इंग्रजीत एकीने आय लिहिलाय, दुसरीने डबल ई.

बाहेरचं तयार सॉफ्टवेअर जन्मतारीख जुळली की भरघोस गुण देतं. आमच्याकडे १ जून जुळली तर गुण जवळजवळ शून्य द्यावे लागतात आणि नवऱ्याचं नाव, आशाताईचं नाव, पाडा यांना जास्त. हे कुठल्या कोर्सात नाही. मी पायथन यासाठीच शिकलो. अक्षरजुळणीच्या तयार लायब्ररी आहेत, पण कशाला किती वजन द्यायचं ते एएनएम सिस्टरसोबत बसूनच ठरलं. त्या म्हणाल्या, 'ही सुनीता माहेरी बाळंत झाली, तिला इथे शोधू नका.' हा नियम कोडमध्ये कसा घालायचा ते अजून कळलेलं नाही :)

रानजाई

१ जूनचं एक नंबर! माझे वडील, दोन्ही काका आणि सासूबाई, सगळे १ जून.

चिकटपट्टी

एक्सेलवाल्यांनी घाबरून जायला दोन गोष्टी.

जनुकांच्या नावात सेप्ट-२, मार्च-१ अशी नावं होती. एक्सेल त्यांना तारीख समजतं, सेप्ट-२ चं '२ सप्टेंबर' करून टाकतं. २०१६ मध्ये काहींनी तपासलं तर एक्सेलमध्ये जनुकांच्या याद्या जोडलेल्या शोधनिबंधांपैकी साधारण पाचव्या हिश्श्यात ही चूक निघाली. शेवटी २०२० मध्ये नावं ठरवणाऱ्या समितीने जनुकांचीच नावं बदलली. एक्सेल बदलेना, म्हणून जनुकं बदलली!

दुसरं, ऑक्टोबर २०२० मधलं इंग्लंड. कोविडचे १५,८४१ पॉझिटिव्ह निकाल वेळेवर पुढे गेलेच नाहीत. निकाल जुन्या प्रकारच्या एक्सेल फाइलमध्ये ओतले जात होते. तिची मर्यादा ६५,५३६ ओळी. त्यापुढच्या ओळी गुपचूप गळल्या. त्या माणसांच्या संपर्कातल्यांचा शोध तितके दिवस लांबला.

दोन्हीकडे मोठमोठे शास्त्रज्ञ होते. पायथनचा एक फायदा असा की काय केलं ते लिहून राहतं. एक्सेलमध्ये कोण कुठल्या खान्यावर काय दाबून गेलं ते ब्रह्मदेवालाही कळत नाही.

डॉ_निवांत

माझी ओपीडी आजवर एक्सेलमध्ये आहे. झोप उडवलीत.

बुचवाली

सगळ्यांचे आभार, अपेक्षेपेक्षा खूप मिळालं. काकांचं तपासणी अंकाचं फंक्शन लिहिलं, चाललं! मग मशीनमधून निघालेली फाइल वाचायला गेले (क्यूसीची, पेशंटची नाही, पाषाणकर रागावू नका). प्लेटलेटमध्ये अडकले. एका मशीनवर १५०, दुसऱ्यावर १.५, हाताने भरलेल्यात १,५०,०००. तिन्ही बरोबर! एक हजारात, एक लाखात, एक नुसता आकडा. त्यात ती स्वल्पविराम असलेली संख्या स्वल्पविरामानेच तोडलेल्या फाइलमध्ये, त्यामुळे एका आकड्याचे तीन कॉलम झाले आणि पुढचं सगळं सरकलं. हिमोग्लोबिनच्या खाली कुणाचा तरी फोन नंबर.

पण डेटा घरी न्यायला एवढा विरोध का, ते कुणी नीट सांगेल का? नाव, फोन, पत्ता काढला की राहिलं काय?

पाषाणकर

बरं, लिहितो. राहतं बरंच.

वय, लिंग, गाव, तारीख, आजार. लहान गावात हिमोफिलियाचा ९ वर्षांचा मुलगा एकच असतो, नावाची गरज नाही. अमेरिकेच्या कायद्यात ओळख पुसायची एक पद्धत म्हणून १८ प्रकारच्या गोष्टी काढायला सांगितल्यात. त्यात तारखा आहेत आणि ८९ वर्षांच्या वरची वयंसुद्धा, कारण ९७ वर्षांचे आजोबा सहज ओळखू येतात. मिमिक नावाचा बॉस्टनच्या आयसीयूचा प्रसिद्ध डेटा आहे, त्यात प्रत्येक पेशंटच्या तारखा पुढे ढकलून २१०० ते २२०० च्या दरम्यान नेल्यात. तिसऱ्या आवृत्तीत म्हाताऱ्या माणसांची वयं ३०० च्या वर दिसतात. नवखे लोक सरासरी वय काढतात आणि चक्रावतात.

आपल्याकडेही २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आलाय. संशोधनासाठी वापरायचा तर एथिक्स कमिटी लागते, आयसीएमआरची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. आणि कायदा बाजूला ठेवला तरी, पेशंटने रक्त दिलं ते रिपोर्टसाठी. आपल्या पेनड्राइव्हवर सरावाला नाही.

क्षकिरण

रेडिओलॉजीतून भर. सीटी, एमआरआयची चित्रं ज्या प्रकारात साठवतात त्या डायकॉम फाइलचं नाव बदललं म्हणजे झालं असं लोकांना वाटतं. फाइलच्या आत हेडरमध्ये पेशंटचं नाव, जन्मतारीख, हॉस्पिटल सगळं असतं. पायडायकॉम या पायथन लायब्ररीने दोन ओळींत वाचता येतं. सोनोग्राफीत तर बरेचदा नाव चित्रावरच छापलेलं असतं, हेडर पुसून उपयोग नाही. कुठेही 'अज्ञात केस' म्हणून टाकण्याआधी बघा.

पाषाणकर

उत्तम भर. सरावाच्या डेटाचं उत्तर राहिलं होतं. मिमिकचा १०० पेशंटचा डेमो सर्वांना खुला आहे. पूर्ण डेटासाठी छोटं प्रशिक्षण आणि करार लागतो, पण डेमो एसक्यूएलला भरपूर. सिंथिया नावाचं मोफत साधन खोटे पेशंट तयार करतं, फायरच्या रूपातही देतं. त्यात कोणाचीच गोपनीयता नाही, कारण ती माणसंच नाहीत. दोष एवढाच की डेटा फार गोजिरा असतो. जांभळी ट्यूब तिथे भेटणार नाही.

आणि आपल्या मातीतलं बघायचं तर बहम्नी उतरवा. छत्तीसगडमधल्या गनियारीच्या जन स्वास्थ्य सहयोगच्या रुग्णालयापासून सुरुवात झालेलं, ओपनएमआरएस या रुग्णनोंदींच्या प्रणालीवर उभारलेलं, रुग्णालयांसाठीचं मुक्त सॉफ्टवेअर. त्याच्या आतलं निरीक्षणांचं टेबल बघा: वजन, ताप, हिमोग्लोबिन, सगळं एकाच टेबलात, एका निरीक्षणाला एक ओळ. आधी वैताग येईल. मग कळेल की नवीन तपासणी आली तरी टेबल बदलावं लागत नाही, म्हणून तसं केलंय.

पेशीवाचक

मी बायोइन्फॉर्मेटिक्सची विद्यार्थिनी. शीर्षक बघून आले तर इथे वेगळंच चाललंय :) आमच्याकडे क्रम उलटा. एसक्यूएल क्वचित, आर आणि लिनक्सची कमांड लाइन रोज, पायथन जोडीला. जनुकांच्या बाजूला यायचं असेल तर रोझालिंड साइटवरचे प्रश्न सोडवा, पहिला फक्त डीएनएमधली अक्षरं मोजण्याचा आहे. आरमध्ये बायोकंडक्टर, म्हणजे जनुकांच्या डेटासाठीची साधनं. पण लॅबच्या कामातून येणाऱ्या ताईंना हॉस्पिटलच्या डेटाची बाजूच सोयीची.

कीबोर्डे

नोकरीचं कुणी बोललं नाही. शिकून मिळतं का काही?

पाषाणकर

मिळतं. पुण्या-मुंबई-बंगळुरात आरोग्यावर काम करणाऱ्या कंपन्या टेस्ट मॅपिंग, इंटरफेस तपासणी, डेटा क्वालिटी यासाठी माणसं घेतात. आम्हाला उत्तम कोड लिहिणारे ढिगाने मिळतात. पोटॅशियम ८ बघून ट्यूबचा रंग विचारणारी माणसं मिळत नाहीत. बुचवालीताईंनी एसक्यूएल पक्कं केलं आणि लॉइंक मॅपिंगचं थोडं काम दाखवलं तर मुलाखतीत त्यांना कुणी फिबोनाची विचारणार नाही. विचारलं तर ती जागा त्यांच्यासाठी नाही.

बुचवाली

पुन्हा आले. मिमिक डेमो आधी नीट वाचेन म्हणून बाजूला ठेवलाय. तोवर स्वतःच खोटे वीस पेशंट टाइप करून एसक्यूएलाइट या छोट्या डेटाबेसमध्ये टेबलं केली. टीएसएचची (थायरॉइडची तपासणी) सरासरी काढली तर हाताने काढलेल्यापेक्षा कमी येते. काही निकाल आमच्या मशीनसारखे '०.०१ पेक्षा कमी' असे चिन्हासकट लिहिलेत. एरर येत नाही. हे काय?

चिकटपट्टी

एसक्यूएलाइट फार सोशिक आहे. संख्येसारखा न दिसणारा मजकूर सरासरीत आला की तो शून्य धरतो आणि पुढे जातो. तुमचे सगळे 'पेक्षा कमी'वाले शून्य झाले. पोस्टग्रे या दुसऱ्या डेटाबेसमध्ये तोच मजकूर संख्येत बदलायला गेलात तर सरळ एरर येईल. या कामासाठी मला तो भांडखोरच बरा वाटतो.

हूजियरकाका

चिन्ह आणि आकडा वेगवेगळ्या कॉलममध्ये ठेवा. फायरमध्ये यासाठी कंपॅरेटर नावाचा वेगळा खाना आहे, जुन्या एचएल-सेव्हनमध्येही एसएन प्रकार आहे, तो याचसाठी. मग 'पेक्षा कमी'वाल्यांचं काय करायचं ते तुम्ही ठरवा, सॉफ्टवेअरने नाही. आणि टीएसएचची सरासरी काढू नका, मध्यक काढा. मोजके पेशंट शंभरच्या घरात असतात, ते सगळी सरासरी ओढून नेतात.

बुचवाली

कॉलम वेगळे केले. मध्यक मात्र एसक्यूएलाइटमध्ये तयार सापडेना.

पाषाणकर

म्हणून तर विंडो फंक्शन म्हटलं होतं. रो नंबरने ओळी क्रमाने लावा, एकूण किती ते मोजा, मधली उचला. एकूण सम असेल तर मधल्या दोघांची सरासरी. अडलं तर क्वेरी इथेच टाका.